लढाईवरून आलेला अर्ज

११ सप्टेंबर १९४२. दक्षिण चिनी समुद्रात, पाण्याखाली सुमारे एकशेवीस फुटांवर, 'सीड्रॅगन' नावाची अमेरिकन पाणबुडी होती. वर शत्रूचा समुद्र, आणि आत अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर निजवलेला एक तरुण खलाशी, डॅरेल रेक्टर. त्याचे आंत्रपुच्छ, म्हणजे ज्याला आपण सर्रास अपेंडिक्स म्हणतो ते, सुजून फुटायच्या बेतात आले होते. पाणबुडीवर डॉक्टर नव्हता. पाणबुडीवर डॉक्टर नसेच. होता तो व्हीलर लाइप्स नावाचा विशीतला एक तरुण. त्याचा हुद्दा 'फार्मासिस्ट्स मेट'. आपल्या भाषेत सांगायचे तर कंपौंडर!

या कंपौंडरने इस्पितळात डॉक्टरांच्या हाताखाली काम केलेले होते, पोट उघडलेले पाहिलेले होते. स्वतः मात्र त्याने एकही शस्त्रक्रिया केलेली नव्हती. हत्यारेही धड नव्हती. सुरीचे पाते होते, पण तिला मूठ नव्हती. तेव्हा ते पाते एका चिमट्यात पकडले. जखमेच्या कडा ओढून धरायला स्वयंपाकघरातले चमचे वाकवून घेतले. चहाच्या गाळणीवर जाळीचे कापड पसरून तिच्यातून रोग्याला ईथर हुंगवले. निर्जंतुक करायला टॉर्पेडोत वापरायचा अल्कोहोल होताच. दोन-अडीच तास हे काम चालले. रेक्टर वाचला, आणि दोन आठवड्यांच्या आत पुन्हा आपल्या जागेवर उभा राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी दोन पाणबुड्यांवर अशाच शस्त्रक्रिया झाल्या, त्याही कंपौंडरांच्याच हातून.

या हकीगतीबद्दल जॉर्ज वेलर या वार्ताहरास १९४३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. वार्ताहराला लगेच मिळाले. लाइप्सला त्याबद्दल नौदलाचे पदक मिळाले ते २००५ साली, त्याच्या मृत्यूच्या थोडेसेच आधी. मधली साठ-बासष्ट वर्षे कशात गेली? तो नौदलात अधिकारी झाला, १९६२ साली निवृत्त झाला, आणि पुढे एका मोठ्या इस्पितळाचा व्यवस्थापक झाला. डॉक्टर झाला नाही.

वाचकहो, लाइप्सला डॉक्टर व्हायचे होते की नव्हते, हा प्रश्न येथे नाही. प्रश्न असा आहे की, लढाईवरून परतलेला असा एखादा गडी उद्या मेडिकल कॉलेजच्या खिडकीपाशी अर्ज घेऊन उभा राहिला, तर त्याच्या अर्जावर काय लिहिलेले असेल? वय पंचवीस. शिक्षण, हायस्कूलपर्यंत. अनुभव? अनुभवाला अर्जात रकानाच नाही! रकाने आहेत ते रसायनशास्त्राचे, जीवशास्त्राचे, पदार्थविज्ञानाचे, आणि तेथे त्याला रेघ ओढावी लागणार. युद्धात राज्याने ज्याच्या हाती माणसाचा जीव सोपवला, त्याला शांततेच्या काळात तेच राज्य विचारते, की बाबा रे, तुझे सेंद्रिय रसायन झाले आहे काय? हा प्रश्न मूर्खपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. तो तसा नाही. पण त्याचे उत्तर शोधण्यात अमेरिकेसारख्या धनाढ्य देशाची सत्तर वर्षे गेली. ती कशी गेली, ते आज पाहू.

तसा हा तंटा पुरातन आहे. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रोज पारे नावाचा एक न्हाव्याच्या पेशातला शस्त्रवैद्य होऊन गेला. बंदुकीच्या जखमेत उकळते तेल ओतायचे, असा त्या वेळचा शास्त्रार्थ. १५३७ च्या सुमारास इटलीतील एका मोहिमेत पारेच्या जवळचे तेल संपले, म्हणून त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो तेल ओतलेले शिपाई तापाने तळमळताहेत, आणि लेप लावलेले शांत निजलेले. एवढ्या एका रात्रीत युरोपातील जखमांचे शास्त्र पालटायला सुरुवात झाली. पण पारेला लॅटिन येत नव्हते! पॅरिसच्या विद्वान वैद्यांच्या लेखी लॅटिन न जाणणारा माणूस वैद्यक जाणणेच शक्य नव्हते. राजाची मर्जी होती म्हणून १५५४ साली शस्त्रवैद्यांच्या वरिष्ठ संघात त्याचा कसाबसा प्रवेश झाला. त्या वेळी लॅटिन होते, विसाव्या शतकात त्या जागी रसायनशास्त्र आले, इतकेच.

मात्र एवढ्यावरून रसायनशास्त्राला उडवून लावण्याची घाई करू नये. १९१० साली अमेरिकेत अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशातील आणि कॅनडातील दीडशेहून अधिक वैद्यकीय शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. कित्येक ठिकाणी प्रयोगशाळा म्हणजे एक बंद कपाट, आणि प्रवेशाची अट म्हणजे फी भरण्याची ऐपत! या अहवालानंतर असल्या शाळा भराभर बंद पडल्या. उरलेल्यांनी प्रवेशाआधी कॉलेजचे शिक्षण सक्तीचे केले. रोग्यांच्या दृष्टीने हे फार चांगले झाले. पण प्रत्येक सुधारणेची किंमत कोणीतरी मोजतोच. येथे ती गरिबाने, स्त्रियांनी आणि निग्रो समाजाने मोजली. कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय शाळा होत्या, त्यांतील पाच बंद पडून दोनच उरल्या: वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि नॅशव्हिलचे मेहॅरी. त्याबरोबरच आणखी एक वाट बुजली, तिचा उल्लेख क्वचितच होतो. थोरल्या वयाचा, कामकरी, अर्धशिक्षित पण हुशार मनुष्य संध्याकाळच्या वर्गांना बसून डॉक्टर होऊ शकत असे, ते बंद झाले.

आता १९४४ कडे येऊ. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. 'जी. आय. बिल' म्हणून तो जगभर ओळखला जातो. लढाईवरून परतणाऱ्या सैनिकाची फी, वर्षाला पाचशे डॉलरपर्यंत, सरकार भरणार. शिवाय महिन्याला पन्नास डॉलर, आणि पोसायला माणसे असतील तर पंच्याहत्तर डॉलर, खर्चाला देणार. पहिल्या महायुद्धानंतरचे बेकार सैनिक सरकारच्या स्मरणात होते. १९३२ साली हेच लोक बोनस मागायला राजधानीत तळ देऊन बसले होते आणि त्यांच्यावर फौज घालावी लागली होती. तेव्हा कायद्यामागे कृतज्ञता होती तशी भीतीही होती. ते काही असो, फळ मोठे आले. सुमारे एक कोटी साठ लाख सैनिकांपैकी अठ्ठ्याहत्तर लाखांनी या कायद्याखाली काही ना काही शिक्षण घेतले. १९४७ साली अमेरिकन कॉलेजांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. प्राध्यापक मंडळींनी आधी नाके मुरडली, आणि मग हेच विद्यार्थी सर्वांत कसून अभ्यास करतात असे पाहून ती सरळ केली!

मग मेडिकल कॉलेजचे काय? इथेच घोडे पेंड खात होते. सरकारने पैसे दिले, पण जागा दिल्या नाहीत. विद्यार्थ्याला घ्यायचे की नाही हा अधिकार कायद्याने संस्थेकडेच ठेवला होता. १९४९-५० सालच्या प्रवेशासाठी देशभरात सुमारे चोवीस हजार अर्जदार होते, आणि जागा मिळाल्या सात हजारांच्या आसपास. शिवाय कायद्यातली मुदतही पाहा. सेवेच्या प्रमाणात, फार तर अठ्ठेचाळीस महिने. ज्याची कॉलेजची तयारी आधीच झाली होती त्याला ते चार वर्षांच्या वैद्यकाला पुरले, आणि असे हजारो माजी सैनिक खरोखरच डॉक्टर झाले; त्यांचे श्रेय कायद्याला दिलेच पाहिजे. पण हायस्कुलातून थेट लढाईवर गेलेल्या पोराचे काय? तीन-चार वर्षे कॉलेज, चार वर्षे वैद्यक, वर नवशिक्या डॉक्टरची उमेदवारी. सरकारी पैसा अर्ध्या वाटेवर संपणार. तोवर लग्न झालेले, घरी लेकरू. म्हणजे लढाईत ज्याने जखमा बांधल्या तोच नेमका दाराबाहेर राहिला. आणि तो कृष्णवर्णीय असेल, दक्षिणेत राहणारा असेल, तर दार नव्हतेच, भिंत होती. दक्षिणेतील गोऱ्यांच्या मेडिकल कॉलेजांपैकी पहिले दार उघडले ते १९४८ साली आर्कान्सा विद्यापीठाचे.

येथे गोष्ट नॉर्थ कॅरोलायना राज्यात येते. डरहॅम गावी ड्यूक विद्यापीठ आहे. त्याच्या वैद्यक विभागाचे प्रमुख म्हणून १९४७ साली डॉ. युजीन स्टेड आले. मनुष्य कडक, विद्यार्थी त्यांना चळचळा कापत. पण डोके मोकळे. युद्धकाळात ते अटलांटा येथे होते. तेथील इस्पितळाचे शिकाऊ डॉक्टर फौजेने उचलून नेले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या जोरावर त्यांना वॉर्ड चालवावे लागले होते. कोणाला काय येते हे त्याच्या प्रमाणपत्रावरून कळत नाही, काम सोपवले म्हणजे कळते, हा धडा त्यांनी तेथे घेतला होता.

त्याच राज्यात गार्लंड नावाचे एक खेडे आहे. तेथे डॉ. एमॉस जॉन्सन यांचा दवाखाना होता. जॉन्सन राष्ट्रीय पातळीवरचे पुढारी, सदा दौऱ्यावर. मग दवाखाना कोण पाही? हेन्री ट्रेडवेल. यांना सारे 'बडी' म्हणत. डॉक्टरांनीच हाताखाली घेऊन तयार केलेला हा कृष्णवर्णीय मदतनीस रोगी तपासी, जखमा शिवी, काय आपल्या आवाक्यातले आणि काय नाही हे बरोबर ओळखी. वाचकहो, हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे तुमच्या तालुक्याच्या गावचा एखादा कंपौंडर उभा राहिला असेल! पांढरा सदरा, कानाला पेन्सिल, बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवणारा, आणि डॉक्टर व्हिजिटला गेले की "बसा मामा, नाडी बघतो" म्हणणारा. ट्रेडवेलला मेडिकल कॉलेजात जावेसे वाटले असते तरी ज्या ड्यूकने पुढे त्याच्या कामाचा नमुना उचलला, त्या ड्यूकच्या वैद्यक शाळेत १९६३ पर्यंत एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतला गेलेला नव्हता. स्टेड यांनी जॉन्सन-ट्रेडवेल ही जोडी पाहिली, आणि अशी माणसे मुद्दाम तयार का करू नयेत, असे त्यांच्या मनाने घेतले.

प्रथम त्यांनी परिचारिकांना वर शिकवून पाहिले. थेल्मा इंगल्स या अनुभवी परिचारिकेच्या साहाय्याने १९५७ च्या सुमारास अभ्यासक्रमही आखला. पण परिचारिकांच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता नाकारली. डॉक्टरांनी परिचारिकांना शिकवावे, हेच त्यांना पसंत नव्हते. त्यांच्याही बाजूने काही बोलता येईल, पण तो विषय निराळा. स्टेड यांनी नजर दुसरीकडे वळवली. नौदलाचे कॉर्पस्मन, म्हणजे लाइप्सचेच भाऊबंद, नोकरी संपवून घरी येत होते. व्हिएतनामचे युद्ध पेटू लागले तसतशी त्यांची संख्या वाढत चालली. अमेरिकन मरीन पलटणींना स्वतःचे वैद्यकीय पथक नसते. गोळी लागली की धावून जातो तो नौदलाचा कॉर्पस्मन. रक्त थांबवणे, श्वासनलिका मोकळी करणे, शिरेत सलाईन लावणे, मॉर्फिन देणे हे त्याला हातचा मळ. आणि गावी परतल्यावर त्याला इस्पितळात कोणती नोकरी? ऑर्डर्ली! रोग्याची गाडी ढकला, भांडी न्या.

ऑक्टोबर १९६५ मध्ये चार माजी कॉर्पस्मनना घेऊन ड्यूकमध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. पहिले नऊ महिने वर्गात, उरलेले पंधरा रोग्यांपाशी. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी तिघे जण उत्तीर्ण झाले. ६ ऑक्टोबर हा स्टेड यांचा जन्मदिवस. या नव्या पेशाला नाव दिले 'फिजिशियन असिस्टंट', डॉक्टरचा साहाय्यक. पदवी नव्हती, प्रमाणपत्र होते. कायदाही नव्हता, राज्याने कायद्यात त्याला जागा करून दिली ती १९७१ साली. तोपर्यंत ही मंडळी डॉक्टरांच्या देखरेखीच्या छत्राखाली काम करीत राहिली.

सैनिकाची बाजू घेताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. कॉर्पस्मनचा रोगी कोण? अठरा ते पंचवीस वयाचा, भरती होताना डॉक्टरने तपासून घेतलेला, मुळात धडधाकट पुरुष. त्याला गोळी लागते, त्याचा पाय तुटतो, त्याला हिवताप होतो. खेड्यातल्या दवाखान्यात कोण येते? दम्याची म्हातारी, मधुमेहाचा शेतकरी, सातव्या महिन्यात पाय सुजलेली बाई, दूध न पिणारे तान्हे मूल. यांतले काहीच त्याने पाहिलेले नाही. धीटपणा आहे, हात बसलेला आहे, पण ज्ञानात ही एवढी मोठी खिंडारे. पाणबुडीवरच्या शस्त्रक्रियेने आपण भारावून जातो खरे. पण रेक्टरचे दुखणे अपेंडिक्सचे नसून दुसरेच काही निघाले असते तर? ते ओळखायलाच तर कॉलेज लागते. म्हणून सैनिकाला पाटी कोरी समजून पहिल्या इयत्तेत बसवणे जितके चुकीचे, तितकेच त्याला सारे येते असे समजणेही चुकीचे. त्याला काय येते ते मोजा, काय येत नाही तेवढेच शिकवा. स्टेड यांच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे मर्म हे होते. ते मला त्यांच्या इतर साऱ्या कर्तबगारीपेक्षा मोलाचे वाटते.

देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिॲटलमध्ये, डॉ. रिचर्ड स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेने केली. स्मिथ हॉवर्डचे पदवीधर. नायजेरियात त्यांनी पीस कोअरचे डॉक्टर म्हणून काम केले होते. परत आल्यावर, मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर इस्पितळांनी काळ्या-गोऱ्यांचे वेगळे वॉर्ड मोडले पाहिजेत, ही मोहीम चालवण्यात १९६६ च्या सुमारास त्यांचा मोठा भाग होता. म्हणजे बंद दारे कशी उघडतात, याचा या गृहस्थांना चांगलाच अभ्यास होता! १९६९ साली त्यांनी 'मेडेक्स' योजना काढली. फ्रेंच भाषेत डॉक्टरला 'मेदसँ' म्हणतात. मेदसँचा विस्तार तो मेडेक्स. पहिल्या तुकडीत पंधरा माजी सैनिक. पण विद्यार्थी निवडण्याआधी स्मिथ यांनी कामाच्या ओझ्याने वाकलेले खेड्यापाड्यांतले डॉक्टर शोधले, आणि शिकून आल्यावर याला तुम्ही ठेवून घ्याल ना, असे आधीच कबूल करून घेतले. डॉक्टरांच्या संघटनेलाही बरोबर घेतले. मग तीन महिने विद्यापीठात, आणि बारा महिने त्याच खेड्यातल्या डॉक्टरच्या हाताखाली. आधी नोकरी आणि मग शिक्षण! आमच्या कॉलेजांतून दरवर्षी उलट्या क्रमाने बाहेर पडणारी मुले पाहिली म्हणजे स्मिथ यांच्या व्यवहारचातुर्याला मी मनोमन नमस्कार करतो.

आता आपल्या घरी डोकावू. हा प्रश्न आपल्याकडेही आला होता, जरा वेगळ्या वेषात. ब्रिटिश अमदानीत आपल्याकडे डॉक्टरांच्या दोन जाती होत्या. विद्यापीठाची पदवी घेतलेले, आणि वैद्यकीय शाळेतून थोड्या मुदतीत तयार झालेले लायसेन्शिएट. १९४३ मध्ये नेमलेल्या आरोग्य समितीचा अहवाल १९४६ साली आला. अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. त्या वेळी देशात नोंदलेले डॉक्टर सुमारे साडेसत्तेचाळीस हजार, आणि त्यांतील जवळजवळ तीस हजार लायसेन्शिएट. फौजेतही हाच भेद पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला होता. १९४३ साली निरनिराळ्या वैद्यकीय खात्यांचे मिळून एकच दल झाले तेव्हा तो बराचसा मोडला. भोर समितीने ठरवले की, यापुढे एकच दर्जाचा डॉक्टर तयार करायचा, लायसेन्शिएटचे शिक्षण बंद. समितीतील काही सभासदांनी विरोधी मत नोंदवले. त्यांचे म्हणणे, एवढ्या मोठ्या देशात डॉक्टरांचा असा तुटवडा असताना ही चैन आपल्याला परवडणार नाही. पण बहुमत झाले ते झाले. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे १९४६ साली कॉलेज झाले ते याच वाऱ्यात.

खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का द्यावा, हा भोर समितीचा मुद्दा न्यायाचा होता. पण जो खालच्या पायरीवर आहे त्याने वर चढायचे कसे, याची सोय एकाच दर्जाच्या धोरणात आपोआप होत नाही. आपल्या लष्कराच्या वैद्यकीय दलातला नर्सिंग असिस्टंट पंधरा-सतरा वर्षे बर्फात आणि वाळवंटात जखमा बांधून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. २०१७ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पंचवीस वर्षांची वयोमर्यादा घातली गेली. राखीव वर्गांना तीस. म्हणजे त्याचा अर्जच बाद! त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०२२ मध्ये ही वरची मर्यादा काढून टाकण्यात आली. आता तो अर्ज करू शकतो. बारावीला पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र घेतलेले असले पाहिजे, आणि सतरा वर्षांच्या शिकवणीतल्या पोरांशी एकाच पेपरात सामना केला पाहिजे. वयाची अट गेली, तरी त्याच्या अनुभवाचा रकाना अर्जात अजून आलेला नाही. फिजिशियन असोसिएट या पेशाला मात्र २०२१ च्या सहवैद्यकीय व्यवसायांच्या कायद्याने आपल्याकडेही ओळख दिली आहे.

अमेरिकेत त्या चार कॉर्पस्मनपासून सुरू झालेल्या पेशात आज दीड लाखाहून अधिक माणसे आहेत, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. ड्यूकमधून १९७० साली जॉइस निकल्स ही पहिली स्त्री बाहेर पडली, तीही कृष्णवर्णीय. चांगलेच झाले. पण इतिहासाला थट्टेची खोड असते. कॉलेज न केलेल्या सैनिकासाठी उघडलेले हे बाजूचे दार हळूहळू प्रतिष्ठित झाले. प्रमाणपत्राची पदवी झाली, पदवीची पदव्युत्तर पदवी झाली. आज तेथे शिरायचे तर आधी बी. ए. किंवा बी. एस्‌सी. हवी, रसायनशास्त्र हवे! आज व्हीलर लाइप्स तेथे आला, तर पुन्हा खिडकीवरच अडणार. आणि या पेशात गेलेल्याला डॉक्टर व्हायचेच असेल, तर त्याने दहा-पंधरा वर्षे रोगी तपासलेले असोत, वैद्यकाची सुरुवात पहिल्या वर्षापासून. २०१० नंतर पेनसिल्व्हेनियातील एका वैद्यकीय कॉलेजाने अशांसाठी चाराऐवजी तीन वर्षांचा मार्ग काढला, तो अपवाद. काही जण या पेशाला दुधाची तहान ताकावर भागवणे म्हणतात. ज्या खेड्यात दूध कधी पोचलेच नव्हते, तेथे ताकाला नावे ठेवणे मला जिवावर येते. पण ज्याला दूधच हवे होते, त्याचा प्रश्न त्याने सुटला नाही हेही खरे.

तो प्रश्न शेवटी फौजेनेच हाती घेतला. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे सेनादलांचे स्वतःचे वैद्यकीय विद्यापीठ आहे. काँग्रेसने ते १९७२ साली स्थापिले. अधिकारी-डॉक्टर तयार करणे हे त्याचे काम. साध्या शिपायांतून तेथे येणारे फार थोडे, कारण तेच, पायाचे विषय झालेले नाहीत. २०१४ साली या विद्यापीठाने व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठाशी मिळून एक योजना सुरू केली. निवडलेल्या शिपायाने चोवीस महिने फक्त शिकायचे. रसायन, सेंद्रिय रसायन, पदार्थविज्ञान, जीवशास्त्र आणि प्रवेशपरीक्षेची तयारी. गणवेश कायम, हुद्दा कायम, आणि पगार चालू! कॉलेजची फी सरकारची. म्हणजे १९४४ च्या कायद्यात जी मधली वर्षे उघडी पडली होती, तेवढीच नेमकी झाकली. चोवीस महिन्यांनंतर त्याने इतरांसारखाच अर्ज करायचा, इतरांसारखीच परीक्षा द्यायची. सवलत गुणांत नाही, वेळात आहे.

पहिल्या तुकडीत दहा जण घेतले होते. १९६५ च्या चारांपेक्षा सहा जास्त. २०१६ पासून या वाटेने आलेले विद्यार्थी मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षात बसू लागले. चार वर्षांनी, २०२० च्या वसंतात, करोनाची साथ देशभर पसरली, तेव्हा बेथेस्डाच्या त्या विद्यापीठाने अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या तारखेची वाट न पाहता पदव्या देऊन इस्पितळांत पाठवून दिले.